सासूबाई जाग्या आहेत ना?

माझ्या ताईला सासू नव्हती. भावोजींची आई ते शाळेत असतानाच गेली होती. त्यामुळे लग्न ठरल्यावर आमच्या आईला कोण आनंद झाला! "पोरगी सुटली," असं ती येईल त्याला सांगत सुटली होती. पण ताईनं पुढे स्वतःच्या हातांनी एक सासू तयार केली, तिला काळ्या पत्र्याच्या डबीत बसवलं आणि तिच्या धाकात नांदली. ही हकीकत ताईची आणि त्या सासूची आहे. माझाही तिच्यात थोडा भाग आहे, कारण शेवटी वाट लागली ती माझ्या डोळ्याची.

आधीच सांगून टाकते, मी तोंडाळ बाई आहे. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी हयात गेली. दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि त्यावर पोट भरायचं. अशा कामानं स्वभाव गोड होत नाही. ताई म्हणायची, "तू स्वर्गात गेलीस तरी दारावरच्या पाटीतली वेलांटी आधी बघशील." असो. आता मी कुणाच्याच वेलांट्या बघत नाही. हेसुद्धा मोठ्या अक्षरांत, मान तिरकी करून लिहिते आहे. चुका राहिल्या तर राहू देत.

माझा डावा डोळा जन्मापासून आळशी. दिसायला शाबूत, कामाला भोपळा. त्यानं उजेड कळतो, माणसांचे ठोकळे कळतात, बाकी काही नाही. लहानपणी डॉक्टरांनी सांगितलं की चांगल्या उजव्या डोळ्यावर रोज पट्टी बांधा, म्हणजे डावा झक मारत कामाला लागेल. पट्टी बांधली की मी रडून घर डोक्यावर घ्यायची. मग ताई बाबांचा दाढीचा आरसा घेऊन खिडकीत बसायची आणि समोरच्या भिंतीवर कवडसा पाडायची. तो कवडसा मी बोटानं पकडायचा. ती त्याला भिंतीच्या तळाशी हळूहळू चालवायची, कपाटावर चढवायची, दाराच्या कडीवर क्षणभर बसवायची, आणि मी बोट नेलं की सुळकन छताला! "पकड की, तिरळाबाई!" हे नाव दुसऱ्या कुणी घेतलं असतं तर मी त्याला चावले असते.

तो खेळ पुष्कळ दिवस चालला. माझा डोळा होता तसाच राहिला. ताईचा हात मात्र तयार झाला. आरसा केसभर हलला तर भिंतीवरचा कवडसा हातभर हलतो, हे तिला तेव्हाच कळलं होतं. म्हणून ती कवडसा धरून ठेवताना श्वास रोखायची. तिचे गाल फुगलेले मला आजही आठवतात.

शाळा संपल्यावर ताई मीटर दुरुस्तीच्या दुकानात लागली. दुकान एका म्हाताऱ्याचं. सगळे त्याला मीटरवाले आजोबा म्हणत. विजेच्या कारखान्यांतली, प्रयोगशाळांतली काट्याची मीटरं तिथे यायची. तारेचं बारीक वेटोळं, त्याच्या दोन बाजूंना चुंबक, वर केसासारखी स्प्रिंग आणि पुढे काटा. वीज आली की वेटोळं वळतं आणि काटा हलतो. ताई दिवसभर मान मोडून काट्यांचा तोल साधायची. काटा आकड्यावर येऊन डुगडुगत राहिला तर ते मीटर तिच्या दृष्टीनं नापास. "सरळ जायचं, गप उभं राहायचं," असं ती काट्यांना दटावायची. आजोबा म्हणायचे, "ही पोरगी काट्यांना वळण लावते." कामात तिचा जीव रमला होता. त्या दुकानातली ताई मला फार आवडायची. डोळ्याला भिंग, केसात पेन्सिल, आणि आजूबाजूला कुणी असल्याचं भान नाही.

अशात एक दिवस भावोजी दुकानात आले. राजबिंडा माणूस, काळा कोट, बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपणच शहाणे वाटावं. त्यांचा धंदा रोषणाईचा. मोठमोठ्या सभागृहांत लेझरच्या किरणांनी आकृत्या काढायच्या, अंधारात पंखे, बोगदे, फुलं उभी करायची. त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली. अंगठ्याएवढ्या दोन मोटारी, आणि प्रत्येकीच्या दांड्यावर नखाएवढा आरसा.

"चालत नाही," ते म्हणाले. "सगळीकडे दाखवलं."

ताईनं भिंग लावून पाहिलं आणि ती हसली. "अहो, हे तर मीटरच आहे. काट्याच्या जागी आरसा लावलाय, एवढंच."

मोटार दुरुस्त झाली. दोन आठवड्यांनी ती पुन्हा बिघडून आली. मग दुसरी आली. मग अजून काहीतरी आलं. आजोबा एकदा चष्म्यावरून बघत म्हणाले, "या माणसाचं यंत्र ठणठणीत आहे गं. बिघाड दुसरीकडे आहे." ताई लाजून लाल झाली. लग्न झालं. माझ्याही मनाला भावोजी तेव्हा पसंत होते, खोटं कशाला सांगू?

किरण वळवायचं ते शास्त्र ताईनं मला आमच्या जेवणाच्या टेबलावर समजावून सांगितलं होतं, दोन चमच्यांनी. लेझरचा किरण निघतो तो नाकासमोर. त्याला वळण म्हणून नाही. एक आरसा त्याला डावी-उजवीकडे झुलवतो, त्याच्या पुढचा आरसा वर-खाली. दोघं मिळून त्याला पाहिजे तिथे नेतात, आणि ते इतक्या भरभर, की पळणारा एक ठिपका आपल्याला अख्खं फूल वाटतो. फूल नसतंच. ठिपका असतो आणि आपल्या डोळ्यांचा आळस असतो. कोपरा काढायचा असेल तर ठिपक्याला तिथे किंचित जास्त रेंगाळू द्यावं लागतं, कारण आरशालाही वजन असतं, त्याला धावता धावता एकदम वळता येत नाही. फार रेंगाळू दिलं तर आकृती लुकलुकते. हे सगळं ताई नजरेनं करायची. कार्यक्रमाआधी ती भिंतीवर एक चौकोन आणि त्याच्या आत एक वर्तुळ काढायची. वर्तुळ चौकोनाच्या चारी बाजूंना नेमकं टेकलं की समजायचं, आरसे वळणावर आहेत.

तिला याहून निराळ्या पद्धतीही माहीत होत्या. तिरप्या काचेची दोन भिंगं एकमेकांसमोर फिरवून किरण वळवता येतो, तसं एक यंत्र भावोजींनी आणलंही होतं. आणि एक स्फटिक असतो म्हणे, त्याच्यातून आवाजाच्या लाटा सोडल्या की किरण आपोआप वाकतो. ताईला त्याचं फार वेड होतं. "त्याच्यात हलणारं काहीच नाही," ती म्हणायची. "म्हणजे अडकणारंही काही नाही." भावोजी म्हणायचे, तो किरणाला वाकवून वाकवून किती वाकवणार, बोटभर. लोकांना अख्खं छत पाहिजे. त्यात ते चुकत नव्हते. त्यामुळे आरसेच राहिले.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत गोदामात तालीम चालू असताना एक आरसा अडकला आणि जागच्या जागी थिजला, पाठोपाठ दुसराही. पळणारा किरण पडद्यावर एका जागी उभा राहिला. ताई सांगायची, आधी तिला वास आला. मग पडद्यातून धूर निघाला आणि पाठोपाठ नाण्याएवढं भोक. तिनं त्या भोकात बोट घालून पाहिलं. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. पळता किरण कुणाच्या अंगावरून गेला तर काही होत नाही, तो थांबला की भाजतो. आणि डोळ्यात थांबला तर तो माणूस पापणी मिटेपर्यंत काम झालेलं असतं.

मग तिनं ती डबी बनवली. आरशांवर डोळा ठेवणारी. आरसे हलताहेत तोवर डबीवर हिरवा दिवा. ते थांबले किंवा नको इतके मंदावले, की डबी किरणाच्या तोंडावर झाकण पाडायची. सगळा अंधार. भावोजींच्या कपाळावर आठ्या पडायच्या. कारण डबीला नाटक कळत नसे. एखादी आकृती हळू फिरवावी, एखादा ठिपका लाडानं रेंगाळावा, की टप्, अंधार. एकदा ते वैतागून म्हणाले, "ही तुझी डबी आहे का सासू? जरा कुणी उभं राहिलं की हिचं सुरू!" ताई हसता हसता खाली बसली. तेव्हापासून डबीचं नाव सासूबाई.

भावोजी हाडाचे तमासगीर. त्यांनी तेही कार्यक्रमात घेतलं. काळ्या कोटात रंगमंचावर यायचे, दिवे मालवायचे आणि माइकवर मोठ्यानं विचारायचे, "सासूबाई जाग्या आहेत ना?" लोकांत हशा. मग मागच्या अंधारातून ताईचा आवाज यायचा, "जाग्या आहेत!" आणि पहिला किरण सुटायचा. अख्ख्या कार्यक्रमात ताईचे लोकांनी ऐकलेले शब्द तेवढे दोन. पाटीवर, जाहिरातीत, हारतुऱ्यांत भावोजी. लोक त्यांना किरणसम्राट म्हणायचे आणि त्यांनी ते पाटीवर लिहूनही घेतलं होतं. मी चिडून विचारायची, "आणि तू कोण? सम्राटाची हमाल?" ताई म्हणायची, "अगं, मला दिसायला अंधारच लागतो. समोर उभी राहिले तर आरसे कोण बघेल?" ती मनापासून म्हणायची. तिच्या या मनापासून म्हणण्याचाच मला संताप यायचा.

त्या दिवशीचा कार्यक्रम एका बड्या कंपनीचा होता. मी दुपारीच ताईबरोबर सभागृहात गेले होते. छापखान्याला सुट्टी होती आणि तिचं काम बघायला मला आवडायचं. कंपनीच्या साहेबांना शेवट असा हवा होता, की सगळी रोषणाई आटपत आटपत एका ठिपक्यात यावी आणि तो ठिपका रंगमंचावरच्या काचेच्या करंडकावर येऊन थांबावा.

"थांबणार नाही," ताई म्हणाली.

"थांबल्यासारखा दिसेल की," भावोजी घाईनं म्हणाले, आणि त्यांनी तिच्याकडे बघितलं.

ताईनं ठिपक्याऐवजी एक चिमुकलं वर्तुळ फिरवलं. लांबून बघणाऱ्याला ते ठिपकाच वाटावं. साहेब खूश. पण तालमीत दोनदा ते जमलं आणि तिसऱ्यांदा टप्, अंधार. सासूबाईंना ते फिरणं पुरेसं वाटलं नाही. साहेब म्हणाले, "हे असं आमच्या अध्यक्षांसमोर झालं तर?" भावोजींचा चेहरा उतरला. त्यांनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना बाजूला घेऊन गेले. ताईनं वर्तुळ जरा मोठं केलं. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. एकदाही अंधार झाला नाही. मग तिनं नेहमीसारखी काडी लावून आरसे मुद्दाम अडवले. टप्. "बघ," ती मला म्हणाली, "सासूबाईंची झोप किती सावध आहे."

मग ती मला सज्जात घेऊन गेली. पहिल्या रांगेत, मधोमध. तिथून किरण डोक्यावरून छताखाली पसरतात आणि आपण बोगद्यात बसल्यासारखं वाटतं, तीच जागा सगळ्यांत छान, असं तिनं आधीच ठरवून ठेवलं होतं. माझा एकच डोळा, म्हणून तिनं मला किंचित डावीकडे सरकवलं. लोक जिना चढत होते, म्हणून तिला खाली जाता येईना. ती माझ्याजवळच उभी राहिली. खाली आरशांच्या आणि डबीच्या टेबलाशी भावोजी एकटेच होते. वरून मला त्यांची पाठ दिसत होती, वाकलेली.

"सासूबाई?" मी गमतीनं विचारलं.

"जाग्या आहेत. तुला इथे बसवतेय म्हणजे काय ते समज ना, तिरळाबाई!" असं म्हणून ती खाली गेली.

दिवे गेले. भावोजींनी विचारलं, लोक हसले, ताईनं उत्तर दिलं. किरण सुटले. बोगदा झाला, फुलं झाली, हिरवा पंखा डोक्यावरून सरसरत गेला. ती रोषणाई सुंदर होती, हे मला आजही म्हणावं लागतं. मग कुठेतरी खटकन आवाज झाला. आरशांना वीज देणारी पेटी बंद पडली होती, असं नंतर कळलं. वीज गेली तशी दोन्ही आरशांनी मान टाकली. डोक्यावरून जाणारा किरण खाली आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

दुखलं नाही. काहीच दुखलं नाही. फक्त सगळं हिरवं झालं, आणि मी वाट पाहत राहिले की आता टप् होईल. टप् झालं नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, समजावून सांगणाऱ्या. त्यांनी कागदावर एक गोल काढला आणि त्याचा मधला भाग पेन्सिलीनं काळा करत गेल्या. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा नेमका मध्य भाजला आहे, कडा चांगल्या आहेत. चालाल, फिराल, चहा कराल, जिना उतराल. पण जिथे सरळ बघाल तिथे काही दिसणार नाही. बाजूला बघितलंत तर दिसेल. "तिरकं बघायची सवय करा," त्या म्हणाल्या. मी हसले. त्या बिचाऱ्या घाबरल्या.

अक्षरं गेली. ज्या शब्दाकडे बघावं तो नाहीसा होतो आणि त्याच्या मागचा-पुढचा शब्द जागेवर असतो. मुद्रितं तपासणाऱ्या बाईला याहून नेमकी शिक्षा कुणाला सुचली नसती. पण लोकांना काय वाटतं? ही चालते, फिरते, कपात चहा ओतताना सांडत नाही. म्हणजे हिला दिसतं. थोडं धूसर दिसत असेल. मी कुणालाच गोल काढून दाखवला नाही. दया करायला आलेल्या माणसांची मला लहानपणापासून चीड आहे.

मी दवाखान्यात असतानाच चौकशी झाली. परवाने देणाऱ्या खात्याचे अधिकारी आले, त्यांनी डबी उघडली. आतल्या दोन स्क्रूंमध्ये एक तार अडकवलेली होती. ती तार असली की आरसे मरोत की जगोत, हिरवा दिवा आपला लागलेलाच. सासूबाईंना झोपवलं होतं. हे कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, "मी."

हे मला कुणी सांगितलं? भावोजींनी. फळं घेऊन आले होते. खुर्ची ओढून बसले, माझा हात हातात घेतला आणि भरल्या गळ्यानं म्हणाले, "तुझ्या ताईनं कबूल केलंय गं. अध्यक्षांसमोर अंधार होऊ नये म्हणून केलं बिचारीनं. तिला मोठ्या मनानं माफ कर." मी फळं परत न्यायला सांगितली.

मी चुका काढणारी बाई आहे. वाक्य दोनदा वाचल्याशिवाय पुढे जात नाही. ताई सज्जात म्हणाली, जाग्या आहेत. भरल्या सभागृहासमोर म्हणाली, जाग्या आहेत. आणि चौकशीत म्हणाली, मीच झोपवलं. ही वाक्यं एका पानावर राहू शकत नाहीत. तार तिनं जोडली असेल, तर तिनं मला स्वतःच्या हातानं, डोळ्याचा हिशेब करून डावीकडे सरकवून, मोकाट किरणाखाली बसवलं. माझी ताई? पट्टीवाल्या पोरीसाठी श्वास रोखून कवडसा धरणारी? आणि तार तिनं जोडली नसेल, तर नवऱ्याची पाटी शाबूत राहावी म्हणून ती जगाला सांगत सुटली की मी बहिणीला जाणूनबुजून तिथे बसवलं. पाटी त्याची होती. पुसली गेली असती तर सगळ्यांना दिसलं असतं. हिचं नाव पाटीवर नव्हतंच, ते पुसायला कितीसा त्रास! हेच त्यानं तिला समजावलं असणार, खांद्यावर हात ठेवून. मला तो हात न बघतासुद्धा दिसतो.

ताईचा परवाना गेला. पुन्हा कधी आरशाला हात लावायचा नाही. भावोजींनी दुसरा माणूस ठेवला. पाटी आहे, काळा कोट आहे, कार्यक्रम आहेत. सासूबाईंचा विनोद तेवढा त्यांनी काढून टाकला म्हणे. ताई घरी बसून जुनी मीटरं दुरुस्त करते. अशी मीटरं आता कुणाकडे असतात? पण ती करते.

मला तिच्याकडून फक्त एक वाक्य हवं होतं. मी नाही केलं. जगाला सांगू नकोस, खात्याला सांगू नकोस, मला सांग. तेवढं मिळालं असतं तर माझा एकच डोळा गेला असता, ताई राहिली असती.

ती दर सुट्टीला यायची. भावोजी सोडायला यायचे आणि बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसायचे. हळू बोललेलंही तिथे ऐकू जातं, दोन खोल्यांचं घर आहे. ताई आत येऊन माझ्यासमोर बसायची. माझे डबे लावायची, सुईत दोरे ओवून ठेवायची, पत्रं वाचून दाखवायची. मी तिच्या डाव्या बाजूच्या कपाटाच्या मुठीकडे बघत बसायची. कारण मुठीकडे बघितलं की ताईचा चेहरा मला दिसायचा. पुसट, पण दिसायचा. तिचे केस किती पिकले, तिच्या ओठाचा कोपरा कसा खाली आला, सगळं मी बघत होते. सगळा वेळ मी तिलाच बघत होते. तिला मात्र वाटायचं, मी तोंड फिरवून बसले आहे.

एकदा बाहेर भावोजींचा फोन चालू होता. नव्या कार्यक्रमाचं बोलणं, जोरजोरात. मी संधी साधली.

"ताई," मी हळूच विचारलं, "सासूबाईंना कुणी झोपवलं?"

तिच्या हातातला दोरा थांबला. "आधी माझ्याकडे बघ," ती म्हणाली. "तेव्हापासून एकदासुद्धा बघितलं नाहीस. इतकी वाईट झाले मी? कपाटाकडे बघून विचारतेस. माझ्याकडे सरळ बघ, मग सांगते."

मला तिला गोल काढून दाखवता आला असता. पण तिचा आवाज असा काही आला होता, की मला ते सुचलंच नाही. शिवाय मी म्हटलं, उत्तर काय, कानांनी ऐकायचंय. मी मान वळवली आणि तिच्याकडे सरळ बघितलं.

चेहरा गेला. बाजूचे पिकलेले केस राहिले, कान राहिले, खांदे राहिले, मधे काही नाही. त्याच वेळी बाहेरचा फोन संपला. वर्तमानपत्राची घडी वाजली आणि घर एकदम शांत झालं. ताई आवाज काढून बोलली नाही. तिनं माझे दोन्ही हात घट्ट धरले. समोरच्या त्या भोकात काहीतरी झालं. ओठ हलले असतील. डोळ्यांनी काही सांगितलं असेल. ती रडली असेल. मला तिचे कान दिसत होते.

"कळलं ना?" तिनं अगदी हळू विचारलं.

दारात भावोजी उभे होते. "काय चाललंय दोघींचं? निघायचं ना?"

"कळलं," मी म्हणाले.

तिचे हात सैल झाले. उठताना तिनं माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "येते गं, तिरळाबाई." त्या कार्यक्रमानंतर हे नाव तिनं पहिल्यांदाच घेतलं. जिना उतरताना तिची पावलं हलकी वाजत होती. मी खुर्चीवर तशीच बसून राहिले.

पुन्हा विचारायचं म्हटलं तर विचारता येईल. पण मग सांगावं लागेल की तुझं उत्तर पोचलंच नाही. आणि खरं सांगू? माझी छाती होत नाही. तिनं त्या भोकात "मी नाही" म्हटलं असेल, असं मी रोज धरून चालते. पण "मीच" म्हटलं नसेल कशावरून?

ताई अजून दर सुट्टीला येते. आता ती आनंदात असते, बडबडते. येते ती माझ्यासमोर बसते आणि मी तिच्याकडे बघते आहे ना, हे आधी तपासून घेते. कपाटाच्या मुठीकडे नजर गेली की तिचा आवाज लगेच पडतो. म्हणून मी आता तिच्याकडे सरळच बघते, ती असेपर्यंत एकदाही मान वळवत नाही. हल्ली ताई कशी दिसते, मला माहीत नाही.